टीम केनियाला नेताना: खानदेशातल्या चर्चच्या तरुण संघांच्या पुढाऱ्यांसाठी

दहा महिन्यांची मिशन टीम (चर्चच्या सेवाकामाला पाठवलेली) परदेशात गेल्यावर फुटली असं आपण म्हणतो, पण बिघाड बहुतेक वेळा निघण्याआधी घरीच झालेला असतो. कागदावर नाव जुळत नाही, रक्त तपासलेलं नाही, आईबापांशी नीट बोलणं झालेलं नाही. म्हणून इथे तयारीवरच जास्त लिहिलंय.

केनिया धरून चालूया. तिथे इंग्रजी चालते, मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं आहे आणि शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. कापूस वेचून, नाताळ घरी करून निघता येतं. व्हिसा लागत नाही म्हणून नेपाळ सुचवणारे बरेच असतात. तिथे २०१८ पासून लागू असलेल्या फौजदारी संहितेत धर्मांतर घडवण्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणसाला शिक्षा भोगल्यावर देशाबाहेर काढतात. पोरासोरांची टीम तिथे नेऊ नये.

कोण जाणार

सहा ते आठ जण, वर दोन पुढारी: एक पुरुष, एक बाई. नवराबायको असतील तर उत्तम. वय १८ पूर्ण हवंच, २० असेल तर बरं. पाळकांच्या (पास्टरच्या) शिफारसपत्रावर विसंबू नका, पाळक कुणाला नाही म्हणत नाहीत. त्यापेक्षा तीन महिने दर शनिवारी एखाद्या पाड्यावर किंवा वस्तीत काम लावा आणि कार्यक्रम संपल्यावर पातेली कोण घासतं, सतरंज्या कोण गुंडाळतं ते बघा. गिटार वाजवणारा नेहमीच मिळतो.

यजमान मंडळीचं (तिथल्या चर्चचं) पत्र आधी मागवा. त्यात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: काम काय, देखरेख कोणाची, राहणार कुठे आणि काम जमलं नाही तर थांबवायचं कोणी. ‘या आणि सुवार्ता सांगा’ एवढंच लिहिलेलं असेल तर पुन्हा विचारा. तिथले पाळक आणि मंडळीचे वडीलधारे ठरवतील ते काम करायचं. पाहुण्यांनी कार्यक्रम आखून न्यायचा नाही.

कागदपत्रं

निघण्याच्या आठ महिने आधी पासपोर्टला हात घाला. खरी गंमत स्पेलिंगची आहे. वळवी, वसावे ही आडनावं दहावीच्या मार्कशीटवर ‘व्ही’ने आणि आधारवर ‘डब्ल्यू’ने सर्रास सापडतात, बापाचं नाव एका कागदावर ‘भाऊ’ लावून, दुसऱ्यावर नुसतंच. आधी आधार दुरुस्त करा, मगच अर्ज भरा. ३६ पानी साध्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला २,००० जास्त. टीम परत येईल त्या तारखेनंतरही सहा महिने मुदत उरली पाहिजे. सोबत पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेटही काढून ठेवा.

केनियात जायला २०२४ पासून ऑनलाइन ईटीए (प्रवासाआधीची परवानगी) घ्यावा लागतो. त्यावर ९० दिवसांपलीकडे भागत नाही आणि त्यावर काम करणं तर चुकीचंच. मंजूर धार्मिक किंवा सेवाभावी कामासाठी तिथे ‘आय’ वर्गाचा परवाना असतो. त्याचा अर्ज यजमान संस्थेच्या नावावर होतो आणि त्याला महिने लागतात. ‘टुरिस्ट म्हणून या, इथे बघू’ असं कोणी म्हणालं तर तिकीट काढू नका. ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तिथे परदेशी म्हणून नोंदणीही करावी लागते.

रक्त, लस, मलेरिया

नंदुरबार-धुळ्याकडच्या टीमने ही गोष्ट सगळ्यात आधी करावी: प्रत्येकाची सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) तपासणी. सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची पहिली चाचणी) सरकारी दवाखान्यात होते. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी करून एएस की एसएस ते पक्कं करा. एएस म्हणजे वाहक, तो सहसा जाऊ शकतो. मात्र उंचावर, उन्हात, पाणी न पिता ढोर मेहनत त्याच्याकडून करून घ्यायची नाही. एसएस म्हणजे आजारच असेल तर मलेरियाच्या मुलखात दहा महिने नेणं जिवावर बेतू शकतं. त्याला इथलंच काम द्या, आणि ते चारचौघांत जाहीर करू नका. ‘आपल्याला सिकलसेल आहे म्हणजे मलेरिया होत नाही’ असं पोरं ऐकून असतात. एएसला थोडं संरक्षण असतं, पण गोळ्या आणि मच्छरदाणी त्यालाही सुटत नाही.

यलो फीव्हरची लस फक्त ठरावीक सरकारमान्य केंद्रांवर मिळते, खासगी दवाखान्यात टोचून घेऊन चालत नाही. सर्टिफिकेट लसीनंतर १० दिवसांनी लागू होतं आणि जन्मभर चालतं. अंड्याची अॅलर्जी, गरोदरपण किंवा प्रतिकारशक्तीचा आजार असेल तर आधी सांगायचं. हे पिवळं कार्ड परतताना मुंबईला बघतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. हँडबॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको.

मलेरियाचा धोका नैरोबीत आणि उंच भागात कमी, किसुमूकडे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी आणि समुद्रकिनारी जास्त. क्लोरोक्विन तिथे चालत नाही. डॉक्टर बहुतेक डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम रोज एक देतील: जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत, गोळी घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. नाहीतर छातीत जळजळते, मग पोरं गुपचूप गोळ्या बंद करतात. म्हणून रात्रीच्या जेवणानंतर पुढाऱ्यासमोरच घ्यायची. ताप आला की त्याच दिवशी टेस्ट.

पैसा

मंडळीच्या ट्रस्टची रक्कम देशाबाहेर खर्च केली तर त्यावरची आयकराची सूट जाऊ शकते. आधी सीएला विचारा. परदेशी देणगीच्या खात्याला तर हातच लावू नका. प्रत्येकाच्या नावे परतीच्या तिकिटाएवढी रक्कम वेगळी ठेवा. ती कुठल्याही कारणाने मोडायची नाही. हातखर्च सगळ्यांना सारखाच. जळगावच्या दुकानदाराच्या पोराला घरून वेगळे पैसे येत राहिले आणि धडगावची मुलगी दोनशे शिलिंग मोजत बसली, की टीम दोन महिन्यांत दोन चुलींवर जाते. तिथे व्यवहार एम-पेसावर (मोबाईलवरून पैसे देणं-घेणं) चालतो, त्याला तिथलं सिम लागतं. हिशोब दोघांनी लिहायचा आणि दर महिन्याला इथल्या कमिटीला पाठवायचा.

तिथे गेल्यावर

सामानात प्लास्टिकच्या कॅरीबॅगा नको, २०१७ पासून तिथे बंदी आहे. ठेचा, बिबडे डब्यात भरा.

जेवणाचा प्रश्न वाटतो तेवढा नसतो. उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, सोबत सुकुमा विकीची पालेभाजी. मक्याची भाकरी खाऊन वाढलेल्यांना चार दिवसांत जमतं. शेवभाजीवाल्यांची कुरकुर जास्त.

खरा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतो. नवलाई संपते, काम तेच तेच वाटतं, किरकोळ गोष्टींवरून तोंडं फुगतात. त्यावर प्रवचन देऊ नका. आठवड्यात एक पूर्ण सुट्टीचा दिवस द्या (रविवार नव्हे, रविवारी काम असतं) आणि प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याशी बोला: झोप, जेवण, घर, भांडण. मुलीशी बाई पुढारी बोलेल, तेही उघड्या जागी, चार लोकांना दिसेल अशा. लहान मुलांसोबत कोणीही एकट्याने थांबायचं नाही, तिथल्या मंडळीत अशी पद्धत नसली तरी.

यजमानांसमोर अहिराणी किंवा मावची बोलणं बंद. आपल्याविषयीच बोलतायत असं त्यांना वाटतं, आणि कधीकधी ते खरंही असतं.

घरी फोन आठवड्यातून एकदा, वार-वेळ ठरवून. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागे. तिथले संध्याकाळचे ६ म्हणजे इथले साडेआठ. अक्राणीतल्या पाड्यावर रेंज नसेल तर आईबापांना रेंजच्या जागी आणायला इथला एक माणूस नेमा. दिवाळीनंतर घरचे ऊसतोडीला जाणार असतील तर मुकादमाचा नंबर आधीच घ्या. फोटो टाकण्याआधी पुढाऱ्याला दाखवायचा. तिथल्या मुलांचे आणि आजाऱ्यांचे फोटो अजिबात नाही.

परतल्यावर पहिल्याच रविवारी मंडळीपुढे साक्ष द्यायला (अनुभव सांगायला) उभं करू नका, दोन आठवडे घरी राहू द्या. डॉक्सिसायक्लिन परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरला पहिलं वाक्य ‘मी केनियाहून आलोय’ हेच सांगायचं. इथे व्हायरल म्हणून दोन दिवस काढले तर फाल्सिपेरम (जीवघेणा मलेरिया) तेवढा वेळ देत नाही.