को-जनमध्ये या चुका टाळा: आधी वाफ, मग वीज

साखर कारखान्यात सहवीजनिर्मिती (को-जन) करायची ठरली की संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न हमखास येतो, ‘किती मेगावॅटचा प्लांट?’ पहिला प्रश्न हवा तो असा: ‘आपल्याला ताशी किती टन वाफ लागते, आणि कोणत्या दाबाची?’ को-जनमध्ये एकाच बगॅसकडून (उसाच्या चोथ्याकडून) दोन कामं करून घेतो. जास्त दाबाची वाफ टर्बाइन फिरवते आणि दाब उतरलेली तीच वाफ पुढे रस आटवते. ग्रीडच्या विजेपेक्षा आपली वीज स्वस्त पडते ती या दुसऱ्या कामामुळे. ते विसरून नुसती युनिटं मोजत बसलात, तर हातात एक छोटं आणि महागडं औष्णिक केंद्र उरतं.

नवख्यांची फसगत एका आकड्यावर होते. 67 बार दाबाची, 485 अंशांची वाफ थेट कंडेन्सरपर्यंत, म्हणजे तिचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रापर्यंत नेली तर एका युनिटला साधारण 4 किलो वाफ लागते. तीच वाफ रस आटवण्याच्या दाबाला बाहेर काढली तर 6 किलोच्या आसपास. मग 4 किलोवालंच बरं, असं कागदावर वाटतं. पण बाहेर काढलेल्या प्रत्येक किलोत अजून 520 किलोकॅलरी सुप्त उष्णता शिल्लक असते आणि ती रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये कामाला येते. कंडेन्सरला गेलेल्या वाफेची उष्णता कूलिंग टॉवरवरून हवेत निघून जाते.

हिशेब असा मांडा. दिवसाला 5000 टन गाळप म्हणजे ताशी सुमारे 210 टन ऊस. त्यातून 28 टक्क्यांनी 59 टन बगॅस, आणि किलोमागे 2.3 किलो वाफ धरली तर 135 टन वाफ. प्रक्रियेला उसाच्या 45 टक्के, म्हणजे 95 टनांच्या आत-बाहेर. कंडेन्सरच्या वाट्याला येते ती उरलेली 40 टन, आणि तीही बगॅस साठवायचा नसेल तर. मशीनचा आकार इथून ठरतो. ‘शेजारच्यांनी 30 मेगावॅटचा बसवला, आपण 35 चा बसवू’ अशा चढाओढीतून ठरवला, की ऐन हंगामात बगॅस कमी पडतो आणि तो बाहेरून विकत आणायची वेळ येते.

आता माझ्या डोक्यात बसलेली चूक: पीआरडीएस. टर्बाइन बंद पडलं तर जास्त दाबाच्या वाफेचा दाब आणि तापमान उतरवून ती प्रक्रियेला देण्याची ही सोय. ती आणीबाणीपुरती आहे. त्या व्हॉल्वमधून गेलेली वाफ एक युनिटसुद्धा वीज न करता खाली उतरते. तरीही साखर शिजवणाऱ्या पॅनवरून ‘वाफ कमी येतेय’ असा फोन आला की शिफ्टवाला पीआरडीएस थोडा उघडतो आणि विसरून जातो. एक्स्ट्रॅक्शनचं, म्हणजे टर्बाइनमधून मध्येच वाफ बाहेर काढण्याचं सेटिंग तपासायला पाच मिनिटं जास्त लागतात, म्हणून हा सोपा रस्ता.

एका कारखान्यात तक्रार होती की गाळप नीट, बॉयलर नीट, पण युनिटं कमी पडतात. पीआरडीएसचं विचारलं तर कंट्रोल रूममधल्या पोराने स्क्रीन दाखवली: ‘बंद आहे, साहेब. शून्य टक्के.’ मी एक्झॉस्ट हेडरचं, म्हणजे प्रक्रियेला वाफ देणाऱ्या मुख्य पाइपचं तापमान विचारलं. दीड किलो गेज दाबाची वाफ 127 अंशांची असते, टर्बाइनमधून येताना फार तर थोडी वर. तिथे 157 दिसत होतं, आणि ते पुष्कळ दिवस तसंच दिसत होतं. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. व्हॉल्वची सीट खाल्ली गेली होती. बंद स्थितीतही ताशी सात-आठ टन वाफ गळत होती, आणि व्हॉल्व ‘बंद’ असल्यामुळे तिला थंड करणारा पाण्याचा फवाराही बंद होता. 8 टन म्हणजे 6 किलोच्या हिशेबाने ताशी 1300 युनिटं, दिवसाला 30 हजारांच्या वर. शिवाय अशी कोरडी, तापलेली वाफ इव्हॅपोरेटरमध्ये उष्णता नीट सोडत नाही, आणि रसाचा रंग चढतो तो वेगळाच.

म्हणून कोणत्याही प्लांटवर गेलो की मी आधी मेगावॅट पाहत नाही, हेडरचं तापमान पाहतो. मग हातातलं थर्मामीटर घेऊन पीआरडीएसच्या पुढच्या पाइपपाशी जातो. स्क्रीनवरचं शून्य हा फक्त व्हॉल्वला दिलेला हुकूम असतो. व्हॉल्वने तो पाळला की नाही, हे पाइपच सांगतो.

दुसरी चूक याहून वाईट, कारण तिचा फटका शेतकऱ्याला बसतो. बॉयलरच्या पाण्यात साखर जाणं. इव्हॅपोरेटरमधलं कंडेन्सेट, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी, गरम आणि शुद्ध असतं, म्हणून ते बॉयलरला परत घेतात. ते घ्यायलाच हवं. पण कॅलेंड्रियाची (इव्हॅपोरेटरमधल्या नळ्यांच्या संचाची) एक ट्यूब फुटली की रस त्या पाण्यात उतरतो. जुन्या 21 किलो दाबाच्या बॉयलरने थोडंफार सहन केलं असतं. 67 किंवा 110 बारच्या बॉयलरला ते मानवत नाही. त्या तापमानाला साखर फुटून आम्लं तयार होतात, ड्रममधल्या पाण्याचा पीएच कोसळतो, पाणी फेसाळतं, आणि फेसाबरोबर क्षार सुपरहीटरमध्ये व टर्बाइनच्या पात्यांवर जाऊन बसतात.

यावरची चाचणी फार जुनी आहे. परीक्षानळीत कंडेन्सेट घ्यायचं, अल्फा नॅप्थॉलचे थेंब टाकायचे, कडेने सावकाश सल्फ्युरिक आम्ल सोडायचं. जांभळं कडं दिसलं की साखर आहे. दर तासाला करायची चाचणी. एका कारखान्यात रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये पहाटे सहापर्यंतचे सगळे रकाने ‘निल’ लिहून भरलेले होते, आणि तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. त्याच रात्री ब्लो डाउनच्या, म्हणजे बॉयलरमधून बाहेर सोडलेल्या पाण्याला जळक्या गुळाचा वास येत होता. फायरमनने तो ओळखला आणि सांगितलाही. पण रजिस्टर ‘निल’ म्हणत होतं, म्हणून त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. सकाळी पीएच 7 च्या खाली. बॉयलर थांबवून रिकामा करून धुवावा लागला. गव्हाणीबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग गेटच्या पुढे गेली होती. तोडलेला ऊस उन्हात वाळत होता, वजन घटत होतं, आणि गाडीवानाची बैलं तिथेच बांधलेली. प्रयोगशाळेतला एक आळशी माणूस किती घरांचं नुकसान करतो, ते त्या रांगेत जाऊन बघावं.

चाचणीत जांभळं कडं दिसलं की चर्चा करू नका. प्रक्रियेकडून येणारं सगळं कंडेन्सेट लगेच गटारात सोडा, बॉयलरला डीएम प्लांटचं (क्षार काढलेलं) पाणी द्या, ब्लो डाउन वाढवा, ड्रमचा पीएच औषध देऊन 9 च्या वर आणा, लोड कमी करा. गळणारी ट्यूब शोधणं त्यानंतर. तरीही पीएच चढत नसेल तर बॉयलर थांबवा. कंडक्टिव्हिटी मीटर आणि आपोआप वळवणारा व्हॉल्व दोन्ही हवेतच, पण मीटर बसवला म्हणून परीक्षानळी कपाटात ठेवणाऱ्यांशी माझं पटत नाही. मी रात्री जाऊन सॅम्पल स्वतः घेतो, आणि रजिस्टरमधला पुढच्या तासाचा रकाना कोरा आहे ना, हेही पाहतो.

बाकीच्या चुका थोडक्यात.

बगॅसच्या ओलाव्याकडे दुर्लक्ष नको. ओलावा एक टक्का वाढला की किलोमागे 46 किलोकॅलरी जातात. 50 चा 53 झाला तर आधी शेवटच्या मिलचे रोलर बघा, फायरमनला बोल लावू नका.

उघडे फ्लँज, लॅगिंग (उष्णता धरून ठेवणारं आवरण) निघालेले पाइप, नुसतं पाणी सोडायच्या ऐवजी कायम वाफ सोडणारे ट्रॅप. यावर खर्च नको म्हणणारे लोक टर्बाइनची अर्ध्या टक्क्याची कार्यक्षमता मात्र तासन्‌तास मागतात.

सिंक्रोनाइझ करताना, म्हणजे आपलं मशीन ग्रीडला जोडताना, घाई नको. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी, फेजचा क्रम आणि कोन, चारही जुळेपर्यंत ब्रेकरला हात लावू नये. ‘जवळपास जुळलंय’ म्हणणाऱ्याला मी त्या पॅनेलपाशी उभा राहू देत नाही.

आणि ‘आता ग्रीडची गरजच नाही’ हे बोलणं बंद करा. थंड बॉयलर पेटवायला पाणी देणारा फीड पंप, धूर ओढणारा आयडी फॅन, हवा देणारा एफडी फॅन लागतात, आणि तेव्हा तुमचं टर्बाइन उभं असतं. ती वीज महावितरणची किंवा डिझेल जनरेटरची. चालू हंगामात ग्रीड गेलं तर आयलँडिंग रिलेने क्षणात वेगळं व्हायला हवं, नाहीतर बाहेरचा सगळा भार तुमच्या मशीनवर येतो, फ्रिक्वेन्सी खाली जाते आणि मशीनही ट्रिप होतं. वेगळं झाल्यावर काय बंद करायचं आणि काय चालू ठेवायचं, याचा क्रम आधी लिहून ठेवा. फीड पंप त्यात सर्वांत शेवटी बंद होणाऱ्यांत हवा. अग्निप्रदीपनाच्या (हंगामासाठी बॉयलर पेटवण्याच्या समारंभाच्या) आधी, पाहुणे यायच्या आधी, रिलेची चाचणी करून घ्या आणि जनरेटर पूर्ण भारावर चालवून बघा.