गुडघ्याचं एम्बोलायझेशन: कुणी करून घ्यावं, कसं होतं, काय जपावं

गुडघा झिजला की आतलं अस्तर सुजतं. त्या सुजेत बारीक नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि त्यांच्या जोडीनं वेदना नेणारे मज्जातंतूही. एम्बोलायझेशन म्हणजे या वाहिन्या आतून बंद करणं. त्यानं सूज आणि दुखणं कमी व्हावं, हा या उपचाराचा हेतू. झिजलेली कूर्चा मात्र यानं भरून येत नाही.

त्यामुळे खरं काम निवडीचं आहे. किमान तीन महिने व्यायाम, वजन कमी करणं, गोळ्या असं सगळं करून झालंय, एक्स-रेत झीज सौम्य ते मध्यम आहे आणि बोटानं दाबलं की ठरावीक जागीच कळ येते, असा गुडघा यासाठी योग्य. हाडावर हाड घासत असेल तर फारशी आशा ठेवू नये. सांध्यात जंतुसंसर्ग असेल किंवा पायाचा रक्तपुरवठाच खूप कमी असेल, तर हा मार्ग नाही. या उपचारावर झालेल्या संशोधन-चाचण्यांचे निष्कर्षही अजून एकमुखी नाहीत. खात्री देणाऱ्यापासून जरा जपून.

आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं कशी चालतात ते कळतं), प्लेटलेट आणि आयएनआर (रक्त नीट गोठतं का ते कळतं) तपासून घ्या. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. कॉन्ट्रास्टची (रक्तवाहिन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडतात त्या द्रवाची) अॅलर्जी असेल तर आधीच सांगा.

जांघेत भूल देऊन धमनीत नळी घालतात आणि तिच्यातून एक मिलिमीटरपेक्षाही बारीक नळी, म्हणजे मायक्रोकॅथेटर, गुडघ्याच्या धमन्यांपर्यंत नेतात. कॉन्ट्रास्ट सोडल्यावर सुजलेला भाग पडद्यावर डागासारखा गडद दिसतो. कित्येकांना नेमकी तीच ओळखीची कळ तेव्हा येते. मग 100 ते 300 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण किंवा इमिपेनेम-सिलास्टॅटिन या प्रतिजैविकाचं मिश्रण अगदी थोडं थोडं सोडतात. डाग विरला, पण मूळ धमनी वाहती आहे, तिथेच थांबायचं. घाईनं जास्त सोडलं तर कण मागे फिरून त्वचेच्या वाहिन्यांत शिरतात. म्हणूनच गुडघ्यावर बर्फ ठेवतात: त्वचेतल्या वाहिन्या आकसतात आणि कण तिकडे कमी जातात. तरीही जांभळट डाग उठू शकतात. बहुतेक काही आठवड्यांत जातात. क्वचित जखम होते.

नंतर काही तास पाय सरळ ठेवून पडून राहावं लागतं. बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पहिले काही दिवस दुखणं वाढू शकतं. जांघेत नळी घातली तिथे गाठ येऊन फुगत चालली, पायाची बोटं गार किंवा बधिर पडली, तर लगेच रुग्णालय गाठा.

उपचाराआधी जिना चढताना किती दुखतं ते 0 ते 10 मध्ये लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी तोच जिना चढून पुन्हा आकडा टाका. उतार पडला असेल तर हाच काळ मांड्यांच्या व्यायामाला लावावा.