रविवार मोकळा हवा, तर शनिवार असा घालवा

आमची आजी पुण्याची, मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या मंडळीतली. रविवारी तिच्या घरी चूल पेटायची ती चहापुरती. भाकऱ्यांची चवड शनिवारीच फडक्यात बांधलेली असायची. पाणी भरलेलं, आमच्या वेण्यासुद्धा घातलेल्या. ही शिस्त तिचीच असं मला वाटायचं. पुढे अमेरिकेत ओहायोत राहायला आले आणि एका जुन्या शेतघराच्या संग्रहालयात शनिवारी मदतीला जाऊ लागले. तिथे समजलं, की १८२० च्या सुमारास जंगल तोडून शेती करणाऱ्या इथल्या मेथडिस्ट बाईचा शनिवारही असाच असायचा. या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली याने १७४३ साली मंडळीसाठी जे नियम लिहिले, त्यात प्रभुवारी, म्हणजे रविवारी, नेहमीची कामं आणि खरेदी-विक्री करायची नाही असं स्पष्ट म्हटलंय. पण सहा पोरं, चार गाई आणि दोन एकर मका पदरात असताना हा नियम पाळायचा, तर सगळा भार शनिवारवर येतो. ही बाई समजून घ्यायची असेल तर तिचा शनिवार एकदा करून पाहा.

सुरुवात शुक्रवारी रात्री होते. अर्धा किलो पांढरा घेवडा भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून द्या आणि नव्या पाण्यात घेवडा उकळवा. पहिली दहा मिनिटं आच मोठी ठेवा, मग मंद करा. किती शिजवायचा हे घड्याळ बघून ठरत नाही. चमच्यात चार दाणे घेऊन त्यांच्यावर फुंकर मारा. सालं फाटून वर वळली की उतरवा. त्या बाया हेच करत आणि मीही तेच करते.

आता जाड बुडाचं, घट्ट झाकणाचं भांडं घ्या, बिडाचं असेल तर उत्तमच. तळाशी अख्खा कांदा ठेवा आणि त्यावर घेवडा घाला. पाऊण वाटी काकवी, चमचाभर मोहरीची पूड आणि मीठ गरम पाण्यात कालवून वरून ओता. त्या घरात वर खारवलेल्या डुकराच्या मांसाचा तुकडा असे. चालत नसेल तर दोन मोठे चमचे लोणी घाला. काकवी विकत घ्यावी लागायची, म्हणून पुष्कळ घरांत आपल्याच मेपलच्या झाडांची साखर वापरत. दाणे बुडतील इतकं पाणी ठेवा. ओव्हन १३० अंश सेल्सियसवर लावून सहा ते आठ तास विसरून जा. मध्ये दोनदा पाणी बघा, कमी वाटलं तर उकळतं घाला. गार पाणी घातलं की शिजणं लांबतं. तिच्याकडे ओव्हन कुठला? भांडं निखाऱ्यांवर ठेवून झाकणावरही निखारे पसरायचे. अंगणात तसं करायचं असेल तर जरूर करा, पण कोळसा पेटवून घरात आणू नका, त्यातून निघणारा विषारी वायू जीव घेतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा राहवेना म्हणून सारखं झाकण उचललं, सगळी राख आत पडली आणि सकाळपासूनचं काम वाया गेलं. तेव्हापासून झाकण उचलायच्या आधी ओल्या फडक्याने कडा पुसून घेते.

घेवडा शिजतोय तोवर मक्याच्या पिठाची भाकरी भाजून ठेवा, रविवारसाठी पाणी आणि सरपण आत आणा. संध्याकाळी चुलीपुढे घंगाळ ठेवून पोरांच्या आंघोळी उरका.

रविवारचे कपडेही शनिवारीच काढून ठेवा आणि ते साधेच ठेवा. सोनं आणि महागडे कपडे वेस्लीच्या नियमांत बसत नव्हते. अमेरिकेतली मेथडिस्ट मंडळी १७८४ च्या डिसेंबरात बाल्टिमोरला रीतसर स्थापन झाली, आणि तिच्या शिस्तीच्या पुस्तकात तर असंही लिहिलं होतं, की उंच केशरचना, भल्यामोठ्या टोप्या, झालरी किंवा अंगठ्या घालणाऱ्यांना तिकीट देऊ नये. हे तिकीट म्हणजे प्रीतिभोजनाचा प्रवेश. दर तिमाहीला लोक जमत, पाव आणि पाणी वाटून घेत आणि एकेकजण उठून साक्ष देत. बायकाही उठून बोलत. एरवी जिचा आवाज गोठ्याबाहेर जात नसे, ती तिथे सगळ्यांसमोर आपल्या देवाविषयी बोलायची. मला तरी हे नवल कपड्यांच्या नियमांपेक्षा कितीतरी मोठं वाटतं.

निजण्याआधी शेवटचं काम विस्तवाचं. आगपेटी यायला अजून अवकाश होता. विस्तव विझला, तर भर थंडीत मडकं घेऊन शेजाऱ्याच्या दारी जायचं, आणि शेजारी मैलभर लांब. म्हणून निखारे एका कोपऱ्यात गोळा करायचे, सगळ्यांत मोठा ओंडका मधोमध ठेवायचा आणि वर राखेची जाड दुलई पसरायची, कुठेही लाल दिसता कामा नये. पहाटे राख बाजूला सारून काटक्या ठेवायच्या आणि हलकेच फुंकायचं. आजी बंबात हेच करायची.

रविवारी गाईंचं दूध काढायचं, जनावरांना चारा घालायचा, आजाऱ्याची सेवा करायची, हे सगळं चालतं. लोणी काढायचं नाही, सुई हातात घ्यायची नाही. घरची प्रार्थना, एक वचन, एक गीत, आणि मग बैठक. घोड्यावरून फिरणारा उपदेशक कधी चार, कधी सहा आठवड्यांनी यायचा आणि तोही पुष्कळदा आडवारी. एरवी मंडळी टिकली ती दहा-बारा जणांच्या या बैठकीवर. तुम्ही करणार असाल तर गोल बसा. एकाने पुढारी व्हायचं आणि प्रत्येकाला एकच विचारायचं, ‘या आठवड्यात तुझ्या जिवाचं कसं चाललंय?’ उत्तर थोडक्यात द्या आणि खरं द्या. चुकलं असेल तिथे पुढाऱ्याने सांगायचं, खचलेल्याला धीर द्यायचा. ही चाल बायकांनीही जपली. १७६६ साली न्यूयॉर्कमध्ये बार्बरा हेकने आपल्या भावकीतल्या फिलिप एम्बरीला उपदेश करायला भाग पाडलं, आणि पहिल्या सभेला पाचच माणसं होती. पुढे ती कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठच्या शेतावर राहिली आणि १८०४ साली गेली. खुर्चीत बसलेली, मांडीवर बायबल, अशी ती सापडल्याचं सांगतात.

जेवणाआधी फळीवरच्या बरणीत दोन नाणी टाका. ही रीत पुढच्या पिढीची. १८६९ साली बॉस्टनमध्ये मेथडिस्ट बायकांनी परदेशी सेवेसाठी संस्था काढली आणि आठवड्याला दोन सेंट व एक प्रार्थना एवढंच मागितलं. शेतावरच्या बाईकडे आपले म्हणावे असे पैसे अंड्यांचे आणि लोण्याचेच. त्यातूनच १८७० साली इझाबेला थोबर्न ओहायोहून लखनौला आली आणि मुलींची शाळा काढली. बरणीत नाणं टाकताना मला दर वेळी आजी आठवते, कारण तिलाही वाचायला शिकवलं ते मिशनच्या शाळेनेच.

मग घेवड्याचं झाकण उघडा. दाणे तपकिरी, रस दाट आणि काकवीचा वास घरभर. शनिवारची भाकरी त्यात मोडून खा. भांडी नुसती पाण्यात बुडवून ठेवा, घासायची ती सोमवारी. चुलीतली राखही टाकू नका, सोमवारी ती राखेच्या पिंपात जाते. तिच्यातून पाणी गाळून निघालेल्या खारात चरबी शिजवली, की वर्षाचा साबण होतो.