स्टार्टअपचा धंदा बदलल्यावर कंपनीचे कायदेशीर नाव कसे बदलावे

घरपोच भाजीपाला विकण्यासाठी काढलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी दुकानदारांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर बनवू लागली, की नावातला ‘फ्रेश’ हा शब्द प्रत्येक बिलावर खुपू लागतो. तरीही ग्राहकाला दिसणारे नाव बदलून भागते का, हे आधी ठरवावे. पेटीएम चालवणारी कंपनी वन९७ कम्युनिकेशन्स याच नावाने नोंदलेली आहे. केवळ ॲपचे नाव बदलायचे असेल, तर पुढचा खटाटोप टाळावा असे माझे स्पष्ट मत आहे.

कायदेशीर नावच बदलायचे ठरले, तर वार्षिक विवरणपत्रे आणि आर्थिक पत्रके कंपनी निबंधकांकडे (कंपन्यांची नोंद ठेवणारे सरकारी अधिकारी) भरलेली आहेत ना, हे पाहावे; ती थकलेली असल्यास नावबदलाला परवानगी मिळत नाही. गुंतवणूकदारांशी झालेल्या करारात त्यांच्या पूर्वसंमतीची अट बहुधा असते, तीही वाचावी. मग संचालक मंडळाचा ठराव करून केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या ‘रन’ या ऑनलाइन सेवेतून नाव राखून घ्यावे. त्याआधी ट्रेडमार्कच्या नोंदींत शोध घ्यावा, कारण निबंधकांनी नाव मंजूर केले म्हणून ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही.

खरी कसरत तारखांची असते. मंजूर नाव 60 दिवस राखून ठेवले जाते आणि तेवढ्यात भागधारकांची सभा घेऊन अर्ज भरायचा असतो. नाव 1 जूनला मंजूर झाले आणि सभेची नोटीस 3 जूनला ईमेलने गेली, तर नोटिशीचा व सभेचा दिवस सोडून पूर्ण 21 दिवस मोजावे लागत असल्याने सभा 25 जूनच्या आधी होत नाही. मात्र मतदानाचा हक्क असलेले बहुसंख्य सभासद राजी असतील आणि त्यांच्याकडे किमान 95 टक्के भरणा झालेले भांडवल असेल, तर कमी मुदतीची नोटीसही चालते. सभेत विशेष ठराव, म्हणजे विरोधी मतांच्या किमान तिप्पट मतांनी, मंजूर व्हावा लागतो. नवा धंदा मेमोरंडममधील (कंपनीच्या स्थापनेच्या मूळ दस्तऐवजातील) उद्दिष्टांत बसत नसेल, तर उद्दिष्टे बदलण्याचा ठरावही याच सभेत घ्यावा, म्हणजे दुसरी सभा वाचते.

ठराव 30 दिवसांच्या आत निबंधकांकडे एमजीटी-14 या फॉर्ममध्ये दाखल करावा आणि त्यानंतर आयएनसी-24 हा नावबदलाचा अर्ज भरावा. नवे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कायद्याने जुनेच नाव चालू असते, म्हणून उत्साहाच्या भरात नव्या नावाने बिल फाडू नये किंवा करारावर सही करू नये.

प्रमाणपत्र मिळाल्यावर पहिल्यांदा पॅनवरील नाव बदलून घ्यावे, कारण जीएसटीतील कायदेशीर नाव पॅनशी जुळावे लागते. पॅन क्रमांक तोच राहतो. जीएसटीतील दुरुस्तीची मुदत 15 दिवसांची असल्याने हे काम उद्यावर टाकू नये. बँक, टॅन (करकपातीसाठीचा खाते क्रमांक) आणि स्टार्टअप मान्यतेची नोंद त्यापाठोपाठ बदलावी. कंपनी तीच असल्याने जुने करार मोडत नाहीत, पण समोरच्या पक्षांना प्रमाणपत्राची प्रत जोडून पत्राने कळवावे. कार्यालयाचा नामफलक आणि लेटरहेड यांवर नव्या नावासोबत मागील 2 वर्षांतले जुने नावही द्यावे लागते, तेव्हा नवी लेटरहेडे छापताना त्या ओळीसाठी जागा ठेवावी.