२८ मिमी झाकणांसाठी ऑटोमॅटिक कॅपिंग लावताना

मिनिटाला ३० बाटल्या म्हणजे एका बाटलीला २ सेकंद. एवढ्यासाठी सिंगल हेड (एका वेळी एकच झाकण बसवणारं) मशीन पुरतं, पण त्यासाठी आधी झाकणं तपासा. उन्हात राहून लंबगोल झालेलं झाकण च्यूटमध्ये (झाकणं घसरत हेडकडे येतात त्या वाटेत) अडकतं आणि लाइन थांबते. दोष मात्र सेन्सरला दिला जातो!

हॉपर (झाकणं ओततो तो डबा) गच्च भरू नका, अर्धा पुरे. च्यूटमध्ये वर एक आणि खाली एक सेन्सर लावा. वरचा सेन्सर झाकणं तिथपर्यंत भरली की फीडर (हॉपरमधून झाकणं पुढे सोडणारा भाग) थांबवतो, खालचा झाकणं संपत आली की मशीन थांबवतो.

बाटली पकडणारे साइड बेल्ट शक्यतो खांद्याखाली ठेवा. पकड सैल असेल तर झाकणाबरोबर बाटलीही फिरते, फार घट्ट असेल तर पातळ पेट बाटली दबून पाणी वर येतं. झाकण तिरकं बसत असेल तर टॉर्क (झाकण पिळण्याचा जोर) वाढवण्याआधी बाटलीचं तोंड हेडच्या बरोबर मध्याखाली येतं का ते पाहा. टॉर्क वाढवून आटे फक्त जास्त खराब होतात.

सुरुवात साधारण १.६ न्यूटन मीटरने करा. मॅग्नेटिक क्लचमध्ये (ठरलेल्या टॉर्कला घसरणारा चुंबकी जोड) चुंबकांतलं अंतर वाढवलं की टॉर्क कमी होतो. दर तासाला ५ बाटल्या टॉर्क टेस्टरवर उघडून आकडे लिहा. उघडण्याचा टॉर्क लावलेल्यापेक्षा कमीच भरतो, त्यात गडबड नाही. सील रिंग (झाकणाखालची, पहिल्यांदा उघडताना तुटणारी कडी) बाटली उघडण्याआधीच तुटलेली दिसली, तर टॉर्क उतरवा.

सरबताच्या लाइनवर बाटलीचं तोंड पुसणारी हवेची नोझल हवीच. पाक आट्यांवर सांडला की तोच टॉर्क वेगळा पडतो.