वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे, एकच रेकॉर्डिंग: सॉफ्टवेअर निवडण्यापूर्वीची तयारी

सोसायटीतले सगळे कॅमेरे एकाच दिवशी, एकाच कंपनीचे बसले आहेत असे क्वचितच आढळते. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत आज अकरा कॅमेरे आहेत: ए विंगमधल्या जुन्या डीव्हीआरवरचे (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्यावरचे) चार अ‍ॅनालॉग, पार्किंगमध्ये नंतर बसवलेले सीपी प्लसचे चार आयपी (नेटवर्कवर चालणारे) कॅमेरे, एका सभासदाने दिलेले हिकव्हिजनचे दोन आणि वॉचमनच्या केबिनवर वायफायने चालणारा टापोचा एक. पाहायला तीन अ‍ॅप लागतात आणि काही चोरीला गेले की तिन्हींत शोधाशोध करावी लागते. या सर्वांचे रेकॉर्डिंग एका जागी करणारे स्वस्त किंवा फुकट सॉफ्टवेअर निवडण्याचे काम कमिटीने माझ्याकडे सोपवले. पुढील तयारी ज्या क्रमाने व्हायला हवी होती त्या क्रमाने लिहिली आहे. प्रत्यक्षात मी सॉफ्टवेअर उतरवून घेण्यापासून सुरुवात केली आणि दोन रविवार वाया घालवले.

पहिले काम वहीचे आहे. शिडी लावून प्रत्येक कॅमेऱ्यापर्यंत जावे, कोळिष्टके काढून लेबलवरचा मॉडेल नंबर टिपावा आणि त्यापुढे कॅमेऱ्याची जागा, आयपी पत्ता, वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड कोणाकडे आहे हे लिहावे. शेवटचा रकाना सर्वांत जास्त त्रास देतो. पार्किंगचे कॅमेरे बसवणाऱ्या कंत्राटदाराने पासवर्ड आमच्या हाती कधी दिलाच नव्हता आणि एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) संपल्यावर त्याने फोन उचलणेही सोडले. अखेर चारही कॅमेरे खाली उतरवून फॅक्टरी रीसेट करावे लागले. आयपी पत्ते राउटरमध्ये कायमचे बांधून घ्यावेत, नाहीतर वीज जाऊन आली की कॅमेऱ्याचा पत्ता बदलतो आणि सॉफ्टवेअर त्याला शोधत बसते.

त्यानंतर कॅमेरे इतरांशी बोलतात का, हे तपासावे. निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे एकमेकांना समजावीत म्हणून अ‍ॅक्सिस, बॉश आणि सोनी यांनी २००८ मध्ये ऑनव्हिफ ही संस्था सुरू केली. तिच्या प्रोफाइल एसमध्ये चित्र पाठवण्याची मूलभूत सोय येते आणि प्रोफाइल टीमध्ये एच.२६५ (चित्र दाबून लहान करण्याची पद्धत) सारख्या नव्या गोष्टी येतात. खोक्यावर ऑनव्हिफ लिहिलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. हिकव्हिजनच्या अलीकडच्या कॅमेऱ्यांत ही सोय मुळात बंद असते. ती चालू करून तिच्यासाठी वेगळा वापरकर्ता तयार करावा लागतो. टापोमध्ये मोबाइल अ‍ॅपच्या पासवर्डाचा येथे उपयोग नाही, अ‍ॅपमध्ये जाऊन ‘कॅमेरा अकाउंट’ स्वतंत्रपणे उघडावे लागते. बॅटरीवर चालणारे आणि केवळ कंपनीच्या क्लाउडवर चित्र पाठवणारे कॅमेरे बहुधा या खेळात उतरतच नाहीत, म्हणून नवा कॅमेरा घेताना दुकानदाराला आरटीएसपी (नेटवर्कवरून थेट चित्र देण्याची पद्धत) आहे का, एवढे तरी विचारून घ्यावे.

खरी परीक्षा व्हीएलसी प्लेअरमध्ये होते. त्यात आरटीएसपीचा पत्ता टाकून चित्र आले तर कोणतेही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर तो कॅमेरा घेईल असे जवळजवळ धरून चालावे. येथेच चित्र आले नाही तर महागड्या सॉफ्टवेअरमध्येही ते आपोआप येणार नाही. हिकव्हिजनच्या पत्त्याच्या शेवटी १०१ म्हणजे पहिल्या चॅनलची मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचे चित्र) आणि १०२ म्हणजे त्याचीच सब स्ट्रीम (लहान, हलके चित्र). दाहुआच्या आणि सीपी प्लसच्या बऱ्याच मॉडेलांत हेच काम सबटाइप ० आणि सबटाइप १ करतात. जुना डीव्हीआरही, त्याची वायर नेटवर्कला जोडली असेल तर, आपला प्रत्येक अ‍ॅनालॉग कॅमेरा वेगळ्या चॅनलच्या रूपाने देतो. हे कळल्यामुळे आमचे चार जुने कॅमेरे मोडीत जाण्यापासून वाचले.

प्रत्येक कॅमेऱ्याची दोन्ही स्ट्रीम तपासून ठेवाव्यात, कारण कमी खर्चाचा सगळा हिशेब त्यांवरच उभा आहे. हालचाल ओळखण्यासाठी सॉफ्टवेअरने लहान सब स्ट्रीम उलगडून पाहावी आणि मोठी मेन स्ट्रीम न उलगडता जशीच्या तशी डिस्कवर लिहावी, अशी रचना असली की साधा मिनी पीसीही आमच्याएवढे कॅमेरे पेलतो. याच वेळी कॅमेऱ्याच्या सेटिंगमधील एच.२६४+, एच.२६५+ किंवा ‘स्मार्ट कोडेक’ बंद करावेत, फ्रेम सेकंदाला पंधरा ठेवाव्यात आणि आय-फ्रेमचे (पूर्ण चित्र साठवणाऱ्या फ्रेमचे) अंतरही पंधराच ठेवावे. ‘प्लस’वाल्या पद्धती जागा वाचवतात, पण परक्या सॉफ्टवेअरमध्ये चित्र अडखळते किंवा सुरुवातीचे काही सेकंद हरवतात आणि चोर नेमका त्याच सेकंदांत येऊन जातो.

जागेचा हिशेब कागदावर करावा. दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. अकरा कॅमेऱ्यांचे २३७.६ जीबी होतात, म्हणजे पंधरा दिवसांसाठी साधारण ३.६ टीबी आणि महिन्यासाठी ७.१ टीबी. चार टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६ च्या आसपास दिसते. हा केवळ मोजण्याच्या एककांतला फरक आहे, दुकानदाराशी भांडण्याचे कारण नाही. रात्री चित्रात दाणे वाढतात आणि पावसात सगळे हलत राहते, तेव्हा बिटरेट (वर धरलेला मेगाबिट प्रतिसेकंद वेग) बदलता ठेवला असल्यास हा आकडा वर सरकतो. डिस्क मात्र डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक यांसारखी चोवीस तास लिहिण्यासाठी बनवलेलीच घ्यावी. येथे काटकसर करू नये.

कॉम्प्युटर कोणाच्या तरी घरातला पडून असलेला फुकट मिळतो, पण वीज फुकट नसते. ऐंशी वॉट खाणारा जुना डेस्कटॉप तीस दिवसांत ५७.६ युनिट जाळतो, तर बारा वॉटचा मिनी पीसी ८.६४ युनिट. बायॉसमध्ये (कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय चालू करावी आणि कॉम्प्युटरबरोबर स्विच व राउटरही यूपीएसवर घ्यावेत.

आता सॉफ्टवेअर. ब्लू आयरिस फक्त विंडोजवर चालते, परवान्याचे पैसे एकदाच भरावे लागतात आणि माऊसने सगळे करता येते. एजंट डीव्हीआर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, घरच्या घरी खासगी वापरासाठी फुकट आहे, मात्र त्यांच्या सेवेतून बाहेरून पाहण्यासाठी आणि व्यावसायिक वापरासाठी वर्गणी द्यावी लागते. सोसायटी कोणत्या गटात बसते हे अटी वाचून आधीच ठरवावे. झोनमाइंडर आणि फ्रिगेट ही दोन्ही मुक्तस्रोत आहेत. फ्रिगेट माणूस, गाडी आणि मांजर यांतला फरक त्याच कॉम्प्युटरवर ओळखते, त्यामुळे झाडाच्या सावलीने रात्रभर वाजणाऱ्या सूचना थांबतात. पण ते डॉकरमध्ये (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) बसवावे लागते आणि त्याच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये एक मोकळी जागा चुकली तरी रुसून बसते. मला स्वतःला फ्रिगेट सर्वांत आवडले, तरीही कमिटीपुढे मी ब्लू आयरिसचे नाव ठेवले. फ्रिगेटची गुंतागुंत सोसायटीत मला एकट्यालाच कळते, मी पुढच्या वर्षी कमिटीत असेनच असे नाही आणि मी गावी असताना डिस्क भरली तर वॉचमनला फोनवरून लिनक्स शिकवणे मला जमणार नाही. ज्यांच्या घरी हौशी माणूस कायमचा हजर आहे त्यांनी बेधडक फ्रिगेट घ्यावे.

पैसे भरण्यापूर्वी आठवडाभर चाचणी घ्यावी आणि तीत प्रत्येक कंपनीचा निदान एक कॅमेरा असावा. मेन स्विच बंद करून यूपीएस संपेपर्यंत थांबावे आणि वीज आल्यावर कोणी हात न लावता रेकॉर्डिंग सुरू होते का, ते पाहावे. मग वॉचमनला खुर्चीत बसवून मंगळवारी पहाटे तीनचे चित्र काढायला सांगावे आणि आपण मागे हात बांधून उभे राहावे. आमच्या वॉचमनला पहिल्यांदा नऊ मिनिटे लागली, दुसऱ्यांदा दोन.

घड्याळाकडे बहुतेक जण पाहतच नाहीत. आमच्या गेटचा कॅमेरा पार्किंगच्या कॅमेऱ्यापेक्षा अकरा मिनिटे मागे होता, त्यामुळे एका स्कूटरची डिकी फुटली तेव्हा चोर चोरीच्या आधीच बाहेर पडल्याचे दिसले. सर्व कॅमेऱ्यांना एकच एनटीपी (नेटवर्कवरून वेळ जुळवणारा) सर्व्हर द्यावा आणि वेळेचा विभाग +५:३० आहे हे एकेका कॅमेऱ्यात उघडून पाहावे.

फुटेज पोलिसांत द्यायची वेळ येते, म्हणून ते साध्या एमपी४ मध्ये, तारीख-वेळेसह निघते का, हेही चाचणीतच पाहावे. जालन्यातील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीचे उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले की नाही, हा वाद व्हिडिओ रेकॉर्डिंगवर येऊन ठेपला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्याच खटल्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्राची सक्ती अधोरेखित केली. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदलली की बदलणारी तिची ओळखखूण) लिहावे लागते. तेव्हा कोणी, कधी, कोणती फाइल काढली याची नोंद त्याच वहीत ठेवावी.

बाहेरून पाहण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट (इंटरनेटवरून थेट आत येण्याचे दार) उघडू नये. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर जगभर ताब्यात घेतले होते. त्याऐवजी वायरगार्ड किंवा टेलस्केल यांसारखा व्हीपीएन (सुरक्षित खासगी मार्ग) वापरावा आणि सॉफ्टवेअरला कॅमेऱ्यात फक्त पाहण्याचा अधिकार असलेला वापरकर्ता द्यावा. कॅमेऱ्याचा पासवर्ड बदलला तर सॉफ्टवेअरमध्येही लगेच बदलावा. ते जुन्याच पासवर्डने वारंवार दार ठोठावत राहिले की बरेच कॅमेरे काही वेळासाठी त्याला आतच घेत नाहीत.

सर्व जुळल्यावरही जुना डीव्हीआर पहिला महिनाभर चालूच ठेवावा आणि दर रविवारी एकच क्षण दोन्हीकडे काढून शेजारी शेजारी पाहावा.