नाताळची बेबिंका, सोप्या वाटेने: आदल्या दिवशीची तयारी

मूळ बेबिंकाला, म्हणजे गोव्याच्या थरांच्या गोडाला, दोन गोष्टींचा वेळ लागतो. एक, नारळ खवून जाड रस काढायला. दुसरा, सोडणांचे (नारळावरच्या सालींचे) निखारे भांड्याच्या झाकणावर ठेवून एकेक थर वरून भाजायला. सोप्या कृतीत ही दोन कामं नारळाच्या दुधाचं पाकीट आणि ओव्हनवर सोपवता येतात. थर मात्र एकावर एकच चढवायचे. सगळं पीठ एकदम ओतून भाजलं तर जे होतं ते चविष्ट असेल, पण बेबिंका नव्हे. 2023 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या गोव्याच्या या गोडाची ओळखच थरांत आहे.

नाताळला कापायची असेल तर 24 तारखेच्या सकाळी करायला घ्या. पूर्ण गार झाल्याशिवाय ती नीट कापली जात नाही, आणि त्याला सहाएक तास लागतात.

आधी भांडं बघा. 18 सेंटिमीटर व्यासाचा, निदान 6 सेंटिमीटर उंचीचा ॲल्युमिनियमचा गोल डबा हवा. तळ सुटा होणारा साचा नको. तूप फटीतून गळतं, खालच्या रॉडवर पडतं आणि घरभर धूर होतो. काचेचं भांडंही नको: तापलेल्या काचेवर दर वेळी गार पीठ पडलं की ती तडकू शकते. ओव्हनमध्ये वरचा रॉड वेगळा चालू करता आला पाहिजे. मायक्रोवेव्हवाला ओव्हन असेल तर फक्त ग्रिल वापरा आणि त्यात धातूचं भांडं चालतं का ते पुस्तिकेत पाहा. ग्रिल आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालणाऱ्या पर्यायात हा डबा ठेवायचाच नाही.

सामानात नारळाच्या दुधाची 200 मिलिलिटरची दोन पाकिटं, 250 ग्रॅम साखर, 8 अंड्यांचे बलक, 125 ग्रॅम मैदा, 125 ग्रॅम साजूक तूप, अर्धा चमचा ताजं किसलेलं जायफळ आणि चिमूटभर मीठ. पाकिटामागचा तक्ता वाचून घ्या. 100 मिलिलिटरमागे स्निग्धांश 17 ग्रॅमच्या आसपास हवा. 'लाइट' लिहिलेलं दूध घेतलं तर थर रबरासारखे होतात. तुपाच्या जागी लोणी नको. त्यात पाणी असतं आणि वरच्या आचेखाली ते करपतं. पांढरे आठ उरतील, ते बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवा. शिवाय कॅरमलसाठी 3 मोठे चमचे साखर वेगळी. मूळ बेबिंकाचे गडद-फिके पट्टे भाजण्यातून येतात, पण घरच्या ओव्हनची आच तितकी जोरकस नसते, म्हणून पिठाच्या एका भागाला कॅरमलचा रंग द्यायचा.

पीठ करताना क्रम चुकवू नका. नारळाचं दूध कोमट करून त्यात 250 ग्रॅम साखर पूर्ण विरघळवा. उकळी आली तर दूध फुटतं. साखरेचे कण राहिले तर थरावर जळके ठिपके पडतात. दूध गार झाल्यावरच बलक घाला, नाहीतर त्यांची भुर्जी होते. मग मैद्यात हे मिश्रण थोडं थोडं घालत गुठळ्या मोडा, जायफळ-मीठ घाला, बारीक गाळणीतून गाळा. मिक्सर लावायचा मोह टाळा. फेस होतो आणि थरांना जाळी पडते. अर्धा तास झाकून ठेवा.

तेवढ्यात कॅरमल. साखर कोरडीच वितळवा, गडद मधासारखा रंग आला की गॅस बंद करून 3 मोठे चमचे गरम पाणी घाला. फसफसून उडतं, हात लांब ठेवा. कोमट झाल्यावर निम्म्याहून थोड्या जास्त पिठात मिसळा. आता गडद पिठाचे चार थर आणि फिक्याचे तीन, प्रत्येकी साधारण 115 मिलिलिटरचे. एका वाटीवर तेवढी खूण करून तीच वाटी शेवटपर्यंत वापरा.

ओव्हन 180 अंशांवर दोन्ही रॉड लावून तापवा. डब्यात 2 मोठे चमचे तूप घालून तो 5 मिनिटं आत ठेवा. गडद पिठाची पहिली वाटी पडताच चर्र आवाज आला पाहिजे. हा थर 15 ते 20 मिनिटं घेतो. मग खालचा रॉड बंद, वरचा चालू, आणि डबा रॉडपासून 10 सेंटिमीटर खाली. यापुढे दर थराआधी चमचाभर पातळ तूप पसरायचं, पीठ ढवळायचं, पळीच्या पाठीवरून हळू ओतायचं, 6 ते 8 मिनिटं भाजायचं. ढवळायला विसरू नका: मैदा खाली बसतो, सुरुवातीचे थर पातळ राहतात आणि शेवटचे पिठूळ होतात.

थर झाला हे घड्याळ सांगत नाही. बोट टेकवून बघा. कोरडा लागला, दाबून वर आला आणि तपकिरी डाग पडले की पुढचा ओता. कच्च्यावर ओतलं तर दोन थर मिसळून एक होतो. उलट, कडक होईपर्यंत भाजलं किंवा वर तुपाचं तळं ठेवलं तर कापताना थर पत्त्यांसारखे सुटतात. जास्तीचं तूप डबा तिरका करून चमच्याने काढा.

सातव्या थरानंतर वरचा रॉड बंद, खालचा 160 अंशांवर, 10 मिनिटं. डबा बाहेर काढून गार होईपर्यंत हलवू नका. मग कडेने सुरी फिरवा, तळ मिनिटभर मंद गॅसवर धरा म्हणजे तूप सुटेल, आणि ताटात उलटा करा. काप पातळ, बोटभर रुंदीचे. सुरी दर कापानंतर पुसायची. फ्रिजमध्ये ठेवली तर तूप घट्ट होतं, खाण्याआधी थोडी गरम करा.